कानामात्रा : स्टेडियमवरचा पॉप, घरातला पॉप

पॉप संगीत ऐकण्याबद्दल आलेली या वेळची बहुतेक पत्रं ठाणे, ऐरोली, घणसोली, बेलापूर, खारघर या पट्ट्यातली आहेत. साहजिकच आहे. मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये १८, १९, २१ अशा तीन तारखांना कोल्डप्ले. हे सगळे मोठे कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आपल्या दाराशीच झाले. प्रश्न वाचकांच्याच शब्दांत, थोडे आटोपशीर करून दिले आहेत.

पुढच्या मोठ्या शोसाठी पैसे साठवतोय. मित्र म्हणतात, स्टँडिंगच घे, खुर्चीत बसून कसला कॉन्सर्ट! मला नाचण्यापेक्षा गाणी नीट ऐकायची आहेत. काय घेऊ?
(वर्तकनगर, ठाणे)

स्टँडिंग घेतलंत तरी रंगमंचाला चिकटू नका. पहिल्या रांगांमध्ये कलाकार जवळ दिसतो, पण आवाज तिथे सगळ्यात वाईट असतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची जी लांबलचक माळ टांगलेली असते, तिचे बहुतेक डबे तुमच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे रोखलेले असतात. जमिनीवर ठेवलेले सबवूफर, म्हणजे बेसचा घुमणारा खर्ज देणारे मोठे स्पीकर, मात्र थेट तुमच्या छातीसमोर. त्यामुळे पुढे उभ्या असलेल्याला बेस आणि ड्रम भरपूर मिळतात, शेजाऱ्याचं गाणं त्याहून भरपूर मिळतं, आणि गायकाचे शब्द रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून जेमतेम येतात.

मैदानाच्या मध्यरेषेवर, रंगमंचापासून साधारण तीस-चाळीस मीटरवर एक छत घातलेला मचाण दिसेल. तिथे साउंड इंजिनिअर बसतो. संध्याकाळभर जे काही तो कमी-जास्त करतो ते त्या जागी बसून, स्वतःच्या कानाने ठरवत असतो. म्हणून सगळ्यात तोललेला आवाज त्या मचाणाच्या आसपास. अगदी मागे उभं राहू नका, मचाणच आडवा येतो. त्याच्या पुढे पाच-सात मीटर किंवा बाजूला दोन-तीन मीटर सरकून उभे राहा. तिथे दाटीही कमी असते.

खुर्ची घ्यायची तर रंगमंचाच्या बरोबर समोरच्या बाजूचा, खालच्या मजल्यावरचा स्टँड बघा. तिकिटाच्या नकाशात रंगमंच कोणत्या टोकाला आहे हे आधी शोधा, किंमत नंतर. रंगमंचाच्या काटकोनातल्या खुर्च्या जवळच्या वाटतात, पण मुख्य स्पीकरचा झोत तिथे पोचत नाही. बाजूला टांगलेल्या वेगळ्या स्पीकरवर भागवावं लागतं आणि पडदाही तिरका दिसतो. सगळ्यात वरच्या रांगांत छताखाली आवाज आपटून परत येतो, त्यात शब्द विरघळतात.

लांबच्या खुर्चीची एक गंमत आधीच माहीत असलेली बरी. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे आवाज तुमच्यापर्यंत येईतो ठोका अर्ध्याहून पुढे सरकलेला असतो. पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडते आणि ‘धप्प’ नंतर येतं ते यामुळेच. पूर्ण स्टेडियमच्या टाळ्या लयीत राहत नाहीत त्याचंही कारण हेच. मैदानात मध्येच उभे केलेले स्पीकरचे मनोरे मुद्दाम उशिराने वाजवले जातात, पुढून येणाऱ्या आवाजाच्या किंचित मागे, म्हणजे आवाज रंगमंचाकडूनच येतोय असं कानाला वाटतं. दोन मनोऱ्यांच्या अधेमधे उभे असाल आणि प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येत असेल तर दहा पावलं पुढे-मागे सरका, फरक पडतो.

पैशांचं म्हणाल तर कोल्डप्लेच्या वेळी खुर्च्या २,५०० रुपयांपासून होत्या आणि स्टँडिंग ६,४५० रुपयांना. स्टँडिंगमध्ये दार उघडल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पाच-सहा तास उभं राहायचं, आणि एकदा बाहेर पडलं की बहुधा परत आत घेत नाहीत. गुडघे कुरकुरत असतील किंवा उंची बेताची असेल तर समोरचा खालचा स्टँड हा सरळ चांगला सौदा आहे. मित्रांना काय म्हणायचंय ते म्हणू दे.

मी चाळीस वर्षं हार्मोनियम शिकवतो. नातीबरोबर एका परदेशी गायिकेचा कार्यक्रम ऐकला. ती रेकॉर्डपेक्षा अर्ध्या सुरानं खाली गात होती. शिवाय निम्मी वाद्यं रंगमंचावर दिसतच नव्हती, पण ऐकू येत होती. ही फसवणूक नव्हे का?
(सी.बी.डी. बेलापूर)

तुमचा कान पक्का आहे. पट्टी उतरवणं मात्र फसवणूक नाही. रेकॉर्डवरचं गाणं एका दमात गायलेलं नसतं. पाच-दहा वेळा गाऊन घेतात आणि त्यातल्या उत्तम ओळी, कधी कधी उत्तम शब्द निवडून जोडतात. सर्वांत वरचा सूर स्टुडिओत एकदा लागला की काम झालं. दौऱ्यात तोच सूर आठवड्यातून तीन-चार रात्री, तोही दोन तास गाऊन झाल्यावर लावायचा असतो. म्हणून काळी दोनचं गाणं पांढरी दोनमध्ये आणतात. वयानुसार गायकाची पट्टी उतरते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, आणि तिथे कुणी नाकं मुरडत नाही. गिटारवाले तर सगळ्या ताराच अर्ध्या सुरानं सैल लावून ठेवतात, म्हणजे बोटांच्या जागा बदलाव्या लागत नाहीत.

न दिसणाऱ्या वाद्यांना बॅकिंग ट्रॅक म्हणतात. कोरस, तंतुवाद्यांचा ताफा, सिंथसायझरचे थर हे आधीच रेकॉर्ड केलेलं असतं आणि संगणकावरून सुटतं. ते जिवंत वादनाशी जुळावं म्हणून ड्रमरच्या कानात एक टकटक चालू असते, क्लिक. ती प्रेक्षकांना ऐकू येत नाही. दिवे, पडद्यावरची चित्रफीत, आतषबाजी हे सगळं त्याच घड्याळाला बांधलेलं असतं. तबलजीनं गायकाचा अंदाज घेत लय किंचित ढिली सोडावी, ही मुभा तिथे नाही. तुम्हाला कोरडं वाटलं असेल तर बहुधा यामुळे.

मुख्य गायनच ट्रॅकवर असेल तर तक्रारीला जागा आहे. ओळखायचं कसं? श्वास ऐका. धावत, नाचत असतानाही श्वासाचा आवाज आणि सुराची थरथर येत नसेल, किंवा माइक तोंडापासून हातभर लांब जाऊनही आवाजाची पातळी तीच राहत असेल, तर तो आवाज त्या क्षणाचा नाही. मुख्य गाणं जिवंत आणि त्याच्या खाली स्वतःचाच रेकॉर्ड केलेला आवाज हळू सोडलेला, असा मधला प्रकार सर्वांत जास्त चालतो. नाचाच्या कार्यक्रमात तो आम्हाला क्षम्य वाटतो. नुसत्या बसून गायच्या कार्यक्रमात नाही.

मुलगी अकरा वर्षांची, के-पॉपची (कोरियन पॉपची) वेडी. पहिल्यांदा मोठ्या कॉन्सर्टला नेणार आहे. तिच्या कानांना त्रास होईल का? कापसाचे बोळे घालून भागेल का?
(घणसोली)

कापसानं भागत नाही. आवाज दबल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात फार थोडा अडतो, आणि त्या भरवशावर माणूस स्पीकरजवळ जातो.

कानाचा हिशेब असा असतो : कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेनं ठरवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हे मोठ्या माणसांचं गणित आहे, मुलांसाठी त्याहून जपून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सुचवलेली कमाल पातळीसुद्धा पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे. म्हणजे शिस्तीत वाजवलेल्या दोन तासांच्या शोमध्येही उघडा कान मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाऊ शकतो.

स्वस्त उपाय म्हणजे फोमचे इअरप्लग. बोटांत लाटून अगरबत्तीच्या काडीसारखा बारीक करा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. बाहेरून बघताना निम्म्याहून अधिक प्लग दिसत असेल तर तो बसलेला नाही. पाकिटावर छापलेले डेसिबल प्रयोगशाळेतले असतात, घरी निम्मेच धरून चाला. फोमचा दोष म्हणजे तो उंच सूर जास्त कापतो, त्यामुळे गाणं रजईखालून ऐकल्यासारखं वाटतं आणि मुलं प्लग काढून टाकतात. गाणं ऐकायलाच जायचंय तर संगीतासाठीचे, आत फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग घ्या. १५ ते २० डेसिबल कमी करतात आणि शब्द कळतात. मुलांच्या मापाचा जोड मागा, मोठ्यांचा त्यांच्या कानात दुखतो. अगदी लहान मुलांना कानावर बसणारे मफच बरे. आणि आधी आठवडाभर घरी दहा-दहा मिनिटं घालायची सवय लावा. शोच्या दारात पहिल्यांदा घातले तर रडारड ठरलेली.

जागा मागची घ्या, स्पीकरच्या माळेच्या सरळ समोरची नको. मध्ये एकदा दहा मिनिटं मागच्या मोकळ्या भागात नेऊन आणा. घरी आल्यावर कान वाजत असतील किंवा दडे बसले असतील तर तो दिवस हेडफोन बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, तेल घालत बसू नका. वयाची अट प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते, ती तिकीट काढण्याआधी वाचा.

(ढोल-ताशाच्या मिरवणुकीलाही हेच प्लग वापरा, असं जाता जाता.)

कॉन्सर्टचे व्हिडिओ काढले, घरी येऊन बघितले तर आवाज फाटलेला आणि गायकाच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. फोन चांगला महाग आहे. मग असं का?
(वय १७, ऐरोली)

फोन महाग असला तरी त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. स्पीकरजवळ बेसचा दाब इतका असतो की माइकमधला सिग्नल कमाल पातळीला धडकतो आणि लाटेचे शेंडे कापले जातात. त्यालाच तू फाटलेला आवाज म्हणतोस. एकदा कापला गेलेला शेंडा कुठल्याही अ‍ॅपनं परत येत नाही, म्हणून काळजी काढतानाच घ्यायची. शिवाय फोन आपोआप पातळी वर-खाली करत राहतो. ड्रमचा ठोका पडला की गाणं खाली बसतं, मग हळूहळू वर येतं, असं हेलकावे खाणं त्यामुळे येतं.

फोनमध्ये प्रो व्हिडिओसारखा मोड असेल तर त्यात माइकची पातळी कमी करायची पट्टी आहे का बघ आणि ती अगदी खालच्या तिसऱ्या हिश्शात ठेव. नसेल तर स्पीकरपासून लांब जा, दुसरा खरा उपाय नाही. फोन आडवा धरला की तळाचा माइक तळहाताखाली झाकला जातो, ती चूक खूप जण करतात.

पांढऱ्या डागाचं कारण असं की भोवती अंधार आणि मध्ये एक उजळलेला चेहरा. कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी काढून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतील, मग सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढ. डिजिटल झूम करू नकोस. पडद्याचं चित्रण करताना काळ्या पट्ट्या धावत असतील तर शटरचा वेग १/५० सेकंद करून बघ.

जागेचा हिशेब : आयफोनच्या नव्या फॉर्मॅटमध्ये १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० आणि ४के ६० फ्रेमला ४०० एमबी. पूर्ण दोन तास ४के ६० मध्ये घेतलंस तर ४८ जीबी आणि बॅटरी मध्यंतरालाच मान टाकेल. तीन गाणी निवड, दीड-दीड मिनिट घे, फोन खिशात टाक. मागच्यांनाही दिसू दे की.

कार्यक्रमात दिलेलं चमकणारं मनगटी कडं घरी आणलं. बटणच सापडत नाही, चालू कसं करायचं?
(पाचपाखाडी, ठाणे)

होत नाही. त्याला बटण नसतंच. मैदानातून रेडिओ किंवा इन्फ्रारेड किरणांनी हुकूम येतो तेव्हाच ते पेटतं. असे कडे बहुतेक वेळा जाताना परत द्यायचे असतात, पुन्हा वापरण्यासाठी. आता आणलंच आहे तर आतली नाण्यासारखी बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्या. घरात लहान मूल असेल तर हे आजच करा. ही बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते.

आमचं स्ट्रीमिंगचं खातं एकच. सकाळी आईचे अभंग, दुपारी लेकीची बालगीतं, रात्री माझं सिंथ-पॉप. आता अ‍ॅप मला ‘तुमच्यासाठी’ म्हणून ससा-कासवाची गाणी देतं. माझी आवड परत कशी मिळवू? आणि गाणी ऐकताना डेटा किती जातो?
(खारघर)

सर्वांत साधं म्हणजे प्रत्येकाचं वेगळं खातं. आई आणि लेकीला जाहिरातींचं फुकट खातंही पुरतं.

ते जमत नसेल तर स्पॉटिफायमध्ये बालगीतांची आणि अभंगांची वेगळी प्लेलिस्ट करा, तिच्या तीन टिंबांत ‘टेस्ट प्रोफाइलमधून (आवडीच्या नोंदीतून) वगळा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो दाबा. पाहुण्यांनी फोन मागितला तर आधी प्रायव्हेट सेशन, म्हणजे आवडीत न धरलं जाणारं ऐकणं, चालू करा. ते काही तासांनी आपोआप बंद होतं हे लक्षात असू द्या. यूट्यूब म्युझिकमध्ये सेटिंग्जमधून इतिहासाची नोंद थांबवता येते. अ‍ॅप गाणं ‘ऐकलं’ धरतं ते ३० सेकंदांनंतर, म्हणून नको असलेलं गाणं तेवढ्याच्या आत पुढे ढकला. गाणी संपल्यावर अ‍ॅप स्वतःच्या मनानं वाजवत राहतं तो ऑटोप्ले बंद करा. रात्री झोपेत वाजलेली शंभर गाणीही तुमच्याच खात्यात जमा होतात.

पण अ‍ॅपच्या शिफारशींवरच आवड सोपवायची कशाला? एखादं गाणं भावलं की त्याच्या तीन टिंबांत श्रेयनामावली उघडा आणि गायकाऐवजी लिहिणाऱ्याचं, निर्मात्याचं नाव बघा. ब्रिटनी स्पिअर्स, बॅकस्ट्रीट बॉइज, केटी पेरी, टेलर स्विफ्ट, द वीकेंड ही गायकमंडळी एकमेकांपासून किती लांबची वाटतात. या सगळ्यांच्या गाण्यांमागे मॅक्स मार्टिन हा एक स्वीडिश माणूस आहे. लॉर्ड, लाना डेल रे आणि टेलर स्विफ्ट यांना जोडणारं नाव जॅक अँटनॉफ. नावाच्या मागे जा, चार दिवसांत यादी भरते आणि ती तुमची असते. जुने जाणते चित्रपटगीतं संगीतकाराच्या नावानं ओळखायचे, त्यातलाच हा प्रकार.

डेटाचं विचारलंयत : ३२० केबीपीएसला (सेकंदाला ३२० किलोबिट, आकडा मोठा तितका आवाजाचा दर्जा वरचा) तासाला १४४ एमबी, १६० ला ७२. साध्या ब्लूटूथ इअरफोनवर, लोकलच्या खडखडाटात या दोहोंतला फरक ओळखणं कठीण. प्रवासात १६०, घरी वायरच्या हेडफोनवर ३२०.

विकत घेतलेलं तिकीट ‘हस्तांतर’ करतो म्हणून एकानं क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाठवलाय. घेऊ का?
(कोपरखैरणे)

नका घेऊ. तोच स्क्रीनशॉट त्यानं आणखी किती जणांना पाठवला असेल कोण जाणे. पहिला आत जातो, बाकीचे दारात. अनेक अ‍ॅपमध्ये कोड काही वेळानं बदलतो, मग स्क्रीनशॉट पहिल्यालाही चालत नाही. तिकीट ज्या अ‍ॅपवर निघालं त्याच अ‍ॅपमधून तुमच्या नंबरवर हस्तांतर झालं आणि तुमच्या खात्यात दिसलं, तरच पैसे द्या.

नेरुळहून रात्री ठाण्याला परत कसं यायचं? आम्ही चौघी मैत्रिणी आहोत, पुढे दोघींना डोंबिवलीला जायचंय.
(नौपाडा, ठाणे)

लोकलनं. गाडी मागवली तर तासभर तिची वाट बघण्यात जातो आणि सायन-पनवेल रस्त्यावर ती अडकते ती वेगळी.

उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सरकारनं जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच बारापर्यंत सवलत असते. त्यामुळे शो बहुधा दहाच्या सुमाराला संपतो आणि सगळं स्टेडियम एकाच वेळी नेरुळ स्टेशनकडे वळतं. शेवटच्या गाण्याला निघा, किंवा संपल्यावर वीस मिनिटं खुर्चीत बसून राहा. मधल्या वीस मिनिटांत निघू नका. जुईनगर स्टेशनही चालत जाण्यासारखं आहे, आणि ठाण्याची गाडी तिथेही थांबते.

जाताना ठाण्याहून नेरुळ किंवा पनवेलची लोकल पकडा. वाशीची पकडलीत तर ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, नेरुळला जातच नाही. घाईत हमखास होणारी चूक. अशी चढलात तर तुर्भ्याला उतरून मागची गाडी घ्या. प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. कार्यक्रम रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची वेळ बघा.

परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. हजारो फोन एकाच मनोऱ्यावर लटकलेले असताना पैसे भरणारं अ‍ॅप उघडत नाही. कॉन्सर्टचं तिकीटही घरूनच अ‍ॅपमध्ये उघडून ठेवा, आणि चौघींनी भेटायची जागा आधी ठरवा, ‘फोन करते’ यावर राहू नका. पॉवर बँक आत नेऊ देतात की नाही ते तिकिटासोबतच्या यादीत असतं. नसेल चालत तर फोन शंभर टक्के भरून विमान मोडवर टाका.

ट्रान्स-हार्बरची, म्हणजे याच ठाणे-नेरुळ मार्गाची, शेवटची ठाणे लोकल हुकली तर हार्बर मार्गाच्या लोकलनं कुर्ल्याला जा आणि तिथून मध्य रेल्वेची कल्याणकडे जाणारी धीमी लोकल घ्या. ती ठाण्यालाही थांबते आणि डोंबिवलीलाही, त्यामुळे दोघींना ठाण्यात उतरून गाडी बदलावी लागत नाही. दोन्ही मार्गांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा त्याच दिवशी बघून कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको.